काल गेम रांगत होता, आज पळतोय, असं का?

मागच्या अंकात इंटरनेटच्या बिलांवर लिहिलं होतं आणि त्यावर जी पत्रं आली ती जवळपास सगळी गेमवरची, बिलाचं कुणी नावच काढलं नाही. म्हटलं चला, यावेळी तेच घेऊ. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त एरिया देतोय.

प्रश्न (पाथर्डी फाटा): सर, मी इंजिनिअरिंगला आहे, घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. दुपारी बीजीएमआय (मोबाइलवरचा शूटिंगचा गेम) एकदम मक्खन चालतं पण रात्री नऊ-साडेनऊनंतर जाम लोचा होतो. समोरचा प्लेअर जागेवर पुतळ्यासारखा उभा दिसतो आणि मग एकदम सुसाट सुटतो, फास्ट फॉरवर्ड केल्यासारखा, आणि तोवर आपण मेलेलो असतो. स्पीड टेस्ट मारली की ९४ दाखवतं. केबलवाला म्हणतो लाइन ओके आहे, मोबाइल बदला. २०० चा प्लॅन घेऊन बघू का?

उत्तर: नको घेऊ बाबा, पैसे वाया जातील. एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात किती माल येऊ शकतो ते, आणि गेमला माल लागतोच किती, तासभर खेळलास तरी शे-दीडशे एमबीच्या आत काम होतं, तेवढं तर एक बरा व्हिडिओ पाच-दहा मिनिटांत खातो. गेमला लागतो तो पिंग, म्हणजे तुझ्या फोनमधून निघालेला डेटा सर्व्हरला, म्हणजे गेम चालवणाऱ्या लांबच्या कॉम्प्युटरला, पोचून उत्तर परत यायला किती मिलीसेकंद लागले ते. आणि पिंगपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तो पिंग स्थिर आहे की नाही.

आता अंतराचा हिशोब एकदा करून टाकू म्हणजे डोक्यातून जाईल. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. नाशिक ते मुंबई जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धर, दोन मिलीसेकंदांत खेळ खल्लास, म्हणजे सर्व्हर मुंबईत असेल तर अंतराचा काही त्रासच नाही. तोच सर्व्हर सिंगापूरला असला तर सरळ रेषेत जवळजवळ ४ हजार किलोमीटर, जाऊन-येऊन ८ हजार, म्हणजे ४० मिलीसेकंद तर निसर्गाचेच झाले, त्यात कुणी काही करू शकत नाही, आणि केबल सरळ रेषेत जात नाही आणि मधे थांबे असतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त लागतं. पण तुझा सर्व्हर दुपारी आणि रात्री तोच असेल तर अंतर काही रात्री वाढत नाही. मग बिघडतं काय?

बिघडतं असं की रात्री नऊला तुझ्या अख्ख्या गल्लीत जेवणं उरकलेली असतात, प्रत्येक घरात टीव्हीवर काहीतरी चालू, आणि एरियाची लाइन सगळ्यांत मिळून वाटलेली असते. सर्व्हर सेकंदाला समज तीस वेळा सांगतोय की समोरचा प्लेअर आत्ता इथे आहे, आत्ता इथे आहे. दुपारी हे निरोप, म्हणजे डेटाची पाकिटं, सारख्या अंतराने येतात. रात्री एक येतं ३० मिलीसेकंदांत, पुढचं १८०, एक मधेच गळतं, मग चार एकदम. पाकीट आलं नाही की तुझ्या फोनला कळतच नाही तो माणूस गेला कुठे, मग फोन त्याला जागेवर उभा ठेवतो नाहीतर आधीच्याच दिशेने अंदाजाने चालवतो, आणि चार पाकिटं एकदम पडली की मधल्या वेळात जे घडलं ते सगळं डोळा मिटायच्या आत दाखवून टाकतो. तेच तुझं फास्ट फॉरवर्ड. तो माणूस त्याच्या घरी नेहमीच्याच स्पीडने चालला होता.

मग स्वतःचा प्लेअर का अडकत नाही असं विचारशील. तो तुझाच फोन चालवतो, सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता. १९९६ मध्ये क्वेक नावाचा गेम मोडेमवर खेळणारे लोक बटण दाबून वाट बघत बसायचे, माणूस हलायचा नंतर, म्हणून क्वेकचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने त्याच वर्षी क्वेकवर्ल्ड या त्याच्या ऑनलाइन आवृत्तीत ही युक्ती घातली की आधी हलवा, नंतर सर्व्हरला विचारा. आज जवळपास सगळे शूटर गेम हेच करतात. सर्व्हर म्हणाला नाही, तू तिथे नव्हतासच, की तुला मागे खेचतात, पळता पळता दहा पावलं मागे येतो ना, ते हेच.

अजून एक सांगतो जे मला फार पटतं. एज ऑफ एम्पायर्स १९९७ चा, तो मोडेमवर चालवणाऱ्या टीमने नंतर लिहून ठेवलंय की पाव सेकंदापर्यंतचा उशीर बहुतेक खेळाडूंच्या लक्षातच यायचा नाही, अर्ध्या सेकंदापर्यंतही लोक खेळायचे, पण उशीर कधी कमी कधी जास्त झाला की वैतागायचे. म्हणजे कायम ९० पिंग असलेला माणूस सुखी आणि ३० ते १५० मधे उड्या मारणारा दुःखी. शूटरमध्ये पाव सेकंद म्हणजे फारच झालं, पण हात एका लयीला सरावतो आणि लय मोडली की चिडतो, हे तिथेही खरंच.

स्पीड टेस्टवर जाऊ नको, ती सगळ्यात जवळचा सर्व्हर निवडते, बऱ्याचदा तुझ्या कंपनीच्याच घरातला. त्याऐवजी हे कर. लॅपटॉप त्याच वायफायवर घे, काळी खिडकी उघड, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, आणि राउटरच्या स्टिकरवर जो पत्ता असतो त्याला सतत पिंग लावून ठेव. शेजारी दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या कुठल्यातरी मोठ्या साइटला. दोन्ही चालू ठेवून दहा मिनिटं नुसतं बघ, एकदा दुपारी तीनला, एकदा रात्री साडेनऊला. राउटरचा आकडा एक ते पाच मिलीसेकंदांत राहायला पाहिजे. तोच मधेच ८०, १२०, २०० दाखवायला लागला तर दोष तुझ्या वायफायचा आहे, बिल्डिंगमधले पंधरा राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्‌झवर बोंबलतायत, राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर टाक, नाहीच जमलं तर चॅनल १, ६, ११ पैकी जो रिकामा दिसेल तो लाव. राउटरचा आकडा शांत आणि बाहेरचाच उड्या मारतोय असं असेल तर घरातलं वायफाय सुटलं, दोन्ही खिडक्यांचा वेळेसकट फोटो काढ आणि केबलवाल्याला व्हॉट्सअॅप कर. मग त्याला मोबाइल बदला म्हणता येणार नाही.

प्रश्न (इंदिरानगर): माझा मुलगा दहावीत आहे. मी बहिणीशी व्हिडिओ कॉल लावला किंवा त्याच्या बाबांनी फोटो पाठवले की आतून ओरडतो, "आई, गेम स्लो झाला, कुणी काय लावलंय?" आमचा प्लॅन चांगला आहे. हरला की खापर आमच्यावर फोडतो असं मला वाटतं. खरं काय?

उत्तर: ताई, पोरगा बहुतेक खरं बोलतोय. (अभ्यासाचं तुम्ही बघा.)

व्हिडिओ कॉलपेक्षा बाबांचे फोटोच जास्त गुन्हेगार असतील. तीनशे फोटो क्लाउडवर चढायला लागले की घरातून बाहेर जायची वाट भरते, आणि राउटर काय करतो तर जास्तीचा डेटा टाकून न देता रांगेत उभा करतो. ही रांग मोठी झाली की गेमचं चिमुकलं पाकीटही तिच्या शेवटी जाऊन उभं राहतं. संध्याकाळी आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात पुढे वीस ट्रेलर अडकलेत आणि मागे तुम्ही अॅक्टिव्हावर, तुमच्या गाडीला कितीशी जागा लागते, पण निघणार ट्रेलर हलल्यावरच. तसंच हे. त्यामुळे २० चा पिंग ३०० होतो आणि अपलोड संपलं की परत २०. प्लॅन मोठा असला तरी होतं, कारण अपलोड सुरू झालं की मिळेल तेवढी सगळी वाट घेतं. याला बफरब्लोट म्हणतात, २०१० च्या आसपास जिम गेटीज नावाच्या इंजिनिअरने घरचंच नेट तपासताना यावर बरीच ओरड केली तेव्हापासून हे नाव चालू झालं.

उपाय दोन. फुकटातला असा की फोटोंचा बॅकअप रात्री सगळे झोपल्यावर होईल असं सेटिंग करा. दुसरा, राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (रांगेला शिस्त लावायची सोय) असं काही दिसलं तर चालू करा आणि तिथे अपलोडची मर्यादा प्लॅनपेक्षा थोडी कमी टाका, म्हणजे रांग साचतच नाही. स्वस्तातल्या राउटरमध्ये हे नसतं, किंवा नावाला असतं.

आणि हो, मायक्रोवेव्ह त्याच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे का? तोही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो. दूध गरम करायला लावलं आणि आतून ओरडा आला तर तोही नाटक करत नसेल.

प्रश्न (सातपूर): दादा मी आठवीत आहे. आम्ही सात मित्र माइनक्राफ्ट खेळतो, सर्व्हर एका मित्राच्या लॅपटॉपवर चालू असतो. परवा सगळं स्लो झालं, गाय स्लो चालत होती, ब्लॉक तोडला तर परत यायचा, आणि मग एकदम सगळं भराभर झालं. पण पिंग २० होता!! असं कसं?

उत्तर: मस्त प्रश्न आहे, कारण तू पिंग बघितलास. पिंग चांगला आहे म्हणजे नेट चांगलं, मग दमलाय कोण? तुझ्या मित्राचा लॅपटॉप.

माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं. एका वेळेला टिक म्हणतात, एका टिकला ५० मिलीसेकंद. तेवढ्यात सर्व्हरने सगळ्या गाई, कोंबड्या, झोंबी, भट्ट्या, हॉपर, वाहणारं पाणी, रेडस्टोन, सगळ्यांचा हिशोब करून टाकायचा असतो. सात जण सात दिशांना गेलेत, त्यात कुणीतरी दोनशे कोंबड्यांची फॅक्टरी काढलीय (कुणीतरी काढतंच), आणि लॅपटॉपला एका टिकला ५० ऐवजी १०० मिलीसेकंद लागायला लागले. मग सेकंदाला टिक झाल्या दहाच, आणि जग बरोबर निम्म्या स्पीडने चाललं. तू स्वतः मात्र नीट चालत होतास ना? कारण तुला तुझा कॉम्प्युटर चालवतो. ब्लॉक परत आला कारण तो तुझ्या स्क्रीनवर तुटला होता, सर्व्हरपर्यंत त्याचा नंबरच लागला नव्हता. आणि मधेच काम हलकं झालं की सर्व्हर राहिलेल्या टिक भराभर उरकतो, तेच तुझं "एकदम सगळं भराभर". फारच मागे पडला तर मात्र राहिलेल्या टिक सोडून देतो आणि त्याच्या काळ्या खिडकीत मेसेज टाकतो की मला झेपत नाहीये.

घड्याळ लावून तपासता येतं. माइनक्राफ्टचा एक पूर्ण दिवस म्हणजे २४ हजार टिक, बरोबर २० मिनिटं. सूर्य उगवला की घड्याळ लाव, कुणी झोपायचं नाही, परत उगवेपर्यंत थांबा. चाळीस मिनिटं लागली तर समज जग निम्म्या स्पीडने चाललंय. मित्राला सांग व्ह्यू डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं जग दाखवायचं ते) कमी कर, त्या लॅपटॉपवर सर्व्हर आणि गेम दोन्ही एकत्र चालवू नको, आणि कोंबड्यांचं काय ते बघा.

मोठ्यांचंही असंच होतं. ईव्ह ऑनलाइन नावाचा आइसलंडचा अंतराळातल्या लढायांचा गेम आहे, त्यात हजारो लोक एकाच लढाईत उतरले की सर्व्हर झोपायचा. मग त्यांनी २०१२ पासून सरळ वेळच हळू करायला सुरुवात केली, गरज पडली तर नेहमीच्या १० टक्क्यांवर आणतात, सगळ्यांसाठी सारखीच. जानेवारी २०१४ मधली त्यातली एक लढाई अशीच खेचत खेचत जवळपास २१ तास चालली. मला हे लपवाछपवीपेक्षा शंभर पट आवडतं, गेम हळू चाललाय हे स्क्रीनवर लिहूनच दाखवतात.

प्रश्न (नाशिकरोड): मे महिन्यात दुपारी फोनवर खेळताना पहिली वीस मिनिटं झकास आणि मग गेम जड होतो. नेट चांगलंय. फोन जुना झाला का?

उत्तर: फोन तापलाय. प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे गरम झाला की स्वतःच स्पीड कमी करतो, जळू नये म्हणून, आणि आपल्याकडे मे महिन्यात चाळिशीला टेकलेल्या दुपारी त्याने गार व्हायचं तरी कसं. त्यात चार्जिंगला लावून खेळत असाल आणि जाड कव्हर असेल तर मग बघायलाच नको. ओळखायचं असं, पिंगचा आकडा ठीक आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात तो आकडा, पडलेला. ६० एफपीएसला चित्र दर १७ मिलीसेकंदांना बदलतं, ३० ला ३३, म्हणजे बोट लावल्यापासून दिसेपर्यंत उशीर वाढतो आणि गेम खरंच चिखलातून चालल्यासारखा वाटतो. कव्हर काढा, चार्जर काढा, ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, पंख्याखाली बसा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. हसू नका, ठेवणारे आहेत.

प्रश्न (पंचवटी): मी पंचेचाळिशीचा, कॅफेत लॅनवर काउंटर स्ट्राइक खेळून मोठा झालो. तेव्हा असले प्रकार नव्हते. आता मुलासोबत खेळतो तर समोरचे खरंच फास्ट वाटतात, कोपऱ्यावरून आले की मी बघेपर्यंत मारतात, आणि भिंतीआड गेलो तरी मरतो. हे सगळे हॅकर की मी म्हातारा झालो?

उत्तर: थोडं तिसरंच आहे. कॅफेत तुमचे दहाही कॉम्प्युटर एका वायरने बांधलेले, पिंग एक-दोन, सगळे एकाच क्षणात जगत होते. आता तसं नाही. तुमच्या स्क्रीनवर समोरचा दिसतो तो थोडा जुना असतो. एक तर पिंगमुळे, आणि वर तुमचा कॉम्प्युटर त्याला मुद्दाम जरा मागे ठेवतो म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी, जुन्या सोर्स इंजिनवर बनलेल्या गेममध्ये हे मागे ठेवणं १०० मिलीसेकंदांचं असायचं. आता कोपऱ्यावरून तो येतो तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तो लगेच बाहेर आलेला असतो आणि तुम्ही त्याला दिसता, कारण तुम्ही तर तिथेच उभे आहात. तुम्हाला मात्र तो काही क्षणांनी दिसतो. माणसाला बघून बटण दाबायलाच दोनशे-अडीचशे मिलीसेकंद लागतात, त्यात वरून हे ऐंशी-शंभर. म्हणजे कोपरा धरून बसणारा कायम तोट्यात आणि येणारा फायद्यात, व्हॅलोरंट नावाच्या शूटर गेमवाल्यांनी सेकंदाला १२८ टिकचे सर्व्हर ठेवले ते हा फायदा कमी करायलाच. संपवता कुणालाच आला नाही.

भिंतीआडचं मरण याचंच भावंड. तुम्ही आड गेलात पण त्याच्या स्क्रीनवर अजून नव्हता गेलात, त्याने गोळी मारली, सर्व्हर वेळ मागे नेऊन बघतो की त्याने मारली तेव्हा त्याला काय दिसत होतं, आणि गोळी मान्य करतो. तुम्हाला अन्याय वाटतो, पण हे नसतं तर त्याने बरोबर नेम धरूनही गोळी वाया गेली असती. कुणाचा तरी बळी जाणारच, बहुतेक गेमवाल्यांनी नेम धरणाऱ्याची बाजू घेतलीय.

खरोखर फास्ट पळणारेही असतात, नाही असं नाही. गेमचा वेग फ्रेमला बांधलेला असला की हे होतं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये परग्रहवासी कमी झाले की उरलेले जोरात यायचे, कारण प्रोसेसरला काढायची चित्रं कमी व्हायची, आणि ते गंमत वाढवतं म्हणून तसंच ठेवलं. जुन्या पीसीवर टर्बोचं बटण असायचं, आठवतंय? त्याचं खरं काम जुने गेम खेळता यावेत म्हणून कॉम्प्युटर हळू करायचं होतं. आणि २०१८ ला फॉलआउट ७६ ची चाचणी चालू असताना लोकांना कळलं की एफपीएसचं कुलूप काढलं की माणूस जास्त वेगाने पळतो, जमिनीकडे बघत पळालं तर अजूनच, कारण जमीन काढायला सोपी. ऑनलाइन गेममध्ये! नंतर केलं त्यांनी दुरुस्त. तेव्हा प्रत्येक वेळी समोरचा हॅकर नसतो आणि तुम्हीही म्हातारे नाही. मुलाला सांगा कोपऱ्यात दबा धरून बसू नको, तूच कोपऱ्यावरून पुढे निघ.

प्रश्न (देवळाली कॅम्प): रात्री दोननंतर पिंग ३५ वरून ११० वर जातो, तेव्हा तर नेट रिकामं असतं ना?

उत्तर: नेट रिकामं, सर्व्हरही रिकामा. जवळ खेळायला माणसं उरली नाहीत की काही गेम तुम्हाला लांबच्या सर्व्हरवर नेऊन बसवतात. सेटिंगमध्ये सर्व्हर ठरवता येत असेल तर ठरवून टाका, मग मॅच लागायला वेळ लागेल ते चालवून घ्या. एकच रात्र नाही तर सलग काही दिवस परदेशातले सर्व्हर सगळ्यांनाच जड वाटत असतील तर बातम्या बघा, समुद्राखालची केबल तुटली असेल. जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ तुटली होती, सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ, दोन्ही वेळा भारतात जाणवलं. डेटा पोचतो, फक्त लांबून वळसा घालून.

प्रश्न (कॉलेज रोड): गेम बूस्टर अॅप आणि कंपनीचा "गेमिंग प्लॅन", यातलं काय घेऊ?

उत्तर: बूस्टर अॅप मागची दोन-चार अॅप बंद करतं, ते तुम्हीही करू शकता, आणि वर जाहिराती दाखवतं. व्हीपीएनवाल्या, म्हणजे तुमचा डेटा स्वतःच्या रस्त्याने नेणाऱ्या, बूस्टरचा उपयोग एकाच ठिकाणी होतो, तुमच्या कंपनीचा रस्ता सर्व्हरपर्यंत वाकडा जात असेल आणि त्यांचा सरळ असेल तर, म्हणून आधी फुकट ट्रायल घेऊन पिंग मोजा. गेमिंग प्लॅनवाल्याला विचारा की रात्री साडेनऊला पिंग किती राहील हे लिहून देणार का. नाही म्हणाला तर एमजी रोडवरून पंधरा मीटर लॅन केबल आणा आणि वायफाय सोडून राउटरपासून थेट वायरने खेळा, फोनवर खेळत असाल तर टाइप सीचं लॅन अॅडॅप्टरही, बऱ्याच अँड्रॉइड फोनला चालतं, पण घ्यायच्या आधी दुकानातच लावून बघा.